'तुंबाड'चे वैभव आणि भयाचे दारिद्र्य

एखाद्या कलाकृतीची एकमुखाने स्तुती होऊ लागली, म्हणजे तिच्याविषयी असमाधान असणाऱ्यावर आपल्या अरसिकतेचा खुलासा देण्याची पाळी येते. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटाबाबत आज नेमकी हीच स्थिती आहे. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी तो प्रदर्शित होण्यापूर्वीच व्हेनिसच्या महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ त्याने झाला होता. पुढे छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनिरचना यांसाठी त्याला फिल्मफेअर पुरस्कार लाभले. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा पडद्यावर आला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षाही अधिक गल्ला त्याने जमविला. भारतीय भयपटाचा मानदंड म्हणून त्याचे नाव घेण्याची आता चालच पडली आहे. माझे म्हणणे एवढेच, की हा चित्रपट देखणा आहे, काही ठिकाणी असामान्यही आहे. परंतु ज्या रसाच्या नावाने त्याचा जयजयकार चालला आहे, तो रस त्यात फारच थोडा आहे.

या चित्रपटाचे बीज आमच्या मुलखालगत पडले, ही गोष्ट बालाघाटच्या मराठी वाचकाला कौतुकाची वाटावी. १९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राने नारायण धारपांची एक कथा सांगितली आणि ती ऐकून आपण हादरलो, असे बर्व्यांनीच नमूद केले आहे. बालाघाटहून गोंदियाला उतरले की नागझिऱ्याचे रान फारसे दूर राहत नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा सगळा टापू १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या एकाच प्रांतात मोडत होता. त्या रानातून निघालेली कथा पडद्यावर येताना कोकणातल्या पावसात गेली, हे कलावंताचे स्वातंत्र्य होय. तक्रार स्थलांतराची नाही. कथा जिथे गेली, तिथले गाव तिला दिसले नाही, ही आहे.

प्रथम चित्रपटाचे जे देणे आहे ते चुकते केले पाहिजे. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणातील तो अखंड पाऊस, चिखलाने आणि शेवाळाने माखलेल्या भिंती, कंदिलाच्या उजेडात अर्धवट उमटणारे चेहरे यांची बरोबरी करील असे दृश्यवैभव हिंदी भयपटात क्वचितच आढळेल. १९१८ सालचा पहिला भाग तर खरोखर थरकाप उडविणारा आहे. साखळदंडांनी जखडलेली, अमानुष झालेली आजी. तिला वेळेवर भरविण्याचे कर्तव्य. आई घरी नसताना ते काम अंगावर पडलेला लहान मुलगा. आणि ज्याचे नाव घेतल्याने ती निद्रिस्त होते, ते नाव ऐन वेळी ओठांवर न येणे, एवढ्या मोजक्या सामग्रीतून तिथे खरी भीती सिद्ध होते, कारण ते संकट घरातले आहे, नात्यातले आहे आणि त्याची उकल अद्याप कोणी करून दिलेली नाही. धारपांची कला ओळखू येते ती याच भागात.

यानंतर मात्र चित्रपट भयाची वाट सोडतो. भरतमुनींनी बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती सांगितली आहे. 'तुंबाड' बीभत्सापर्यंत येऊन थांबतो, आणि उरलेली जागा अद्भुताने भरून काढतो. पहिल्या भागातला तो मुलगा, विनायक, पंधरा वर्षांनी वाड्यात परततो, आजीच्या देहातून उगवलेले झाड पाहतो, तिच्याकडून रहस्य मिळवितो आणि देवीच्या गर्भात उतरतो, तोपर्यंत विस्मय टिकून राहतो. परंतु कणकेची बाहुली पुढे करावी, पिठाच्या रिंगणात उभे राहावे, तिथला भुकेला देव हस्तर खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातली नाणी काढून दोराने वर यावे, ही रीत एकदा समजली की गर्भगृहाची कचेरी होते आणि विनायक तिथला नेमणुकीचा कारकून. त्याला धोका असतो, पण तो धोका नियमांनी बांधलेला असतो. हस्तर कोण, त्याला सोने का मिळाले आणि अन्न का नाकारले गेले, याचा वृत्तान्त तर आरंभीच निवेदनातून सांगून टाकलेला असतो. ज्याची सर्व कलमे अगोदर वाचून दाखविली आहेत, त्या अनिष्टाविषयी प्रेक्षकाला सावधगिरी वाटेल. भीती वाटणे कठीण.

याहून मोठी उणीव निराळीच आहे. ज्या श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून चित्रपटाने आपले नाव घेतले, तिच्यात खोत आहेत, कुळे आहेत, वतनाचा माज आहे, भाऊबंदकी आहे; चित्रपटातल्या तुंबाडात वाडा आहे आणि पाऊस आहे, रयत जवळजवळ नाहीच. आमच्याकडील मालगुजारी ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पाहिली, त्यांना खोती काय होती हे समजावून सांगण्याचे कारण नाही. मुंबई इलाख्यात १९४९ च्या कायद्याने खोती आणि मध्य प्रदेशात १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली, तोवर वाड्यांतले धन आले ते कुळाच्या खळ्यावरून. लोभाची कथा सांगू म्हणणाऱ्या चित्रपटाने ते धन एका देवतेच्या उदरातून काढावे, आणि ज्याच्या भाताची रास वाड्यात गेली त्या माणसाला चौकटीबाहेर ठेवावे, यात लोभाचे मूळच दृष्टीआड होते. सोने मिळाले पण धान्य नाकारले गेले, म्हणून चिरंतन भुकेला राहिलेला देव ही कल्पना खरोखर तेजस्वी होती. ती या सत्याच्या उंबरठ्यापर्यंत येते आणि पीठ हे केवळ आमिष ठरवून माघारी फिरते.

लोकजीवनातले भय असे एकाकी नसते. आमच्या जिल्ह्यात बैहरच्या बाजूला, कान्हाच्या रानालगत राहणारे बैगा बाघदेवाला मानतात, आणि गावाची शीव मंत्राने बांधण्याचे काम परंपरेने त्यांच्याकडे असते. कोकणात तेच काम गुरव गाऱ्हाणे घालून करतो आणि राखणदाराला त्याचा मान पोचवितो. दोन्हीकडे अदृष्टाशी सबंध गावाचा करार असतो, आणि तो एकाने मोडला तर फळ सर्वांना भोगावे लागते, या जाणिवेत भयाचा उगम आहे. हस्तरशी करार एकट्या विनायकाचा. आणि हा विनायक तर बाळपणापासून लोभीच दाखविला आहे. ज्याच्यापाशी गमावण्यासारखे काही नव्हते, त्याच्या अधःपाताने मन कसे हलणार? विनायकाचा मुलगा पांडुरंग शापित पित्याच्या हातून सोन्याचा लंगोट नाकारतो, तेव्हा बोध पूर्ण होतो. नीतिकथा म्हणून ते योग्यच, परंतु नीतिकथेत शिक्षा अपेक्षित असते, आणि अपेक्षित शिक्षेचे भय वाटत नाही.

मग समीक्षकांनी 'तुंबाड'ला इतके डोक्यावर का घेतले? त्याचे उत्तर आपल्या भयपटाच्या सद्यःस्थितीत आहे. रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'सारख्या चित्रपटांनी हा प्रकार जत्रेच्या पातळीवर आणून ठेवला होता. अलीकडे 'स्त्री'ने आमच्याच राज्यातल्या चंदेरीत आणि २०२४ च्या 'मुंज्या'ने कोकणात भूत आणले खरे, पण भीतीची अर्धी जागा विनोदाला दिली. अशा दुष्काळात परिश्रमपूर्वक, वर्षानुवर्षे खपून केलेली निर्मिती पाहून समीक्षक कृतज्ञ झाले, हे समजण्यासारखे आहे. मात्र निर्मितीच्या कष्टांची दाद आणि परिणामाची परीक्षा या दोन स्वतंत्र बाबी होत, आणि त्यांची गल्लत झाली. मराठीत याहून साध्या सामग्रीवर अधिक भय निर्माण झालेले आहे. धारपांनी ते मध्यमवर्गीय घराच्या माजघरात आणले, रत्नाकर मतकरींनी गूढकथेत नेहमीच्या शहरी जीवनाच्या आडोशाला उभे केले, १९७६ च्या 'हा खेळ सावल्यांचा'ने भुताच्या धसक्याने ग्रासलेल्या तरुणीच्या मनात शोधले. विशाल फुरियांचा 'लपाछपी' तर रचनेने ओबडधोबडच; परंतु उसाच्या फडातल्या एका घरात अडकलेल्या गर्भवतीभोवती स्त्रीभ्रूणहत्येचे पातक जेव्हा गोळा होऊ लागते, तेव्हा ते भूत कोणी आणि कशासाठी निर्माण केले हे प्रेक्षकाला उमगते, आणि त्याची मान खाली जाते.

भयपटाला देखणेपणाची गरज आहे हे 'तुंबाड'ने सिद्ध केले, आणि त्याबद्दल त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पुढच्या दिग्दर्शकांनी मात्र त्याचा पाऊस आणि वाडा उसना घेण्यापेक्षा त्याने बाहेर ठेवलेले गाव आत घ्यावे. आणि समीक्षकांनी कोणत्याही भयपटाला मानदंड ठरविण्यापूर्वी तो पाहताना आपल्याला भीती वाटली काय, हा पहिला प्रश्न स्वतःला विचारावा. त्या कसोटीवर 'तुंबाड'चा पहिला भाग उत्तीर्ण होतो. उरलेला चित्रपट होत नाही.