कोडें कीं कुलूप?

नव्या नवरीला उखाणा आठवला नाहीं म्हणून कोणी पंगत उठवीत नाहीं. दोन-चार जणी हंसतात, एखादी मावशी हळूच पहिला चरण सुचविते, आणि वाढप पुढें चालू राहतें. कोड्यांच्या व्यवहारांतलें हें साधें शहाणपण एका खेळाच्या ग्रंथकारांना नेहमींच साधलें आहे असें दिसत नाहीं.

हा खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणि त्याच्या कुळांतले इतर. गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनीं रचलेला तो मूळ खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या वाचकांच्या घरीं रविवारीं दुपारीं विचित्र आकाराचे फासे घरंगळत असतात त्यांना त्याची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. इतरांसाठीं एवढें सांगतों कीं, टेबलाभोंवतीं पांच-सहा जण बसतात; एक जण सूत्रधार होऊन भुयारें, राक्षस व खजिने यांचें वर्णन करतो; बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेऊन आपण काय करणार तें तोंडानें सांगतात; आणि यशाविषयीं शंका असेल तेथें फासे टाकले जातात. रंगभूमि नाहीं, पाठ केलेलीं भाषणें नाहींत. प्रेक्षक नाहींत हें तर फारच बरें. पात्राचें बळ, बुद्धि इत्यादि गुण आंकड्यांत मांडलेले असतात. मूळ नियमांत तीन फाशांची बेरीज धरीत, म्हणून ते ३ पासून १८ पर्यंत असत.

अडचण येथेंच उत्पन्न होते. ज्याला घरचा हंडा उचलवत नाहीं असा खेळाडू फाशांच्या जोरावर दगडी दार फोडतो आणि त्याला कोणी हंसत नाहीं. परंतु स्फिंक्सनें वाट अडवून कोडें घातलें म्हणजे पात्राच्या बुद्धीचे १८ गुण काय कामाचे? खेळाडूला सुचत नाहीं तोंवर तो महापंडित जादूगार ठोंब्यासारखा उभा! कांहीं म्हणतात, मग कोडेंहि फाशांनींच सोडवावें. आम्हांस हें मुळींच रुचत नाहीं. फाशानें सोडविलेलें कोडें म्हणजे दुसऱ्यानें खाऊन 'गोड आहे' म्हणून सांगितलेला आंबा होय.

गायगॅक्सचा कौल खेळाडूच्या बुद्धीच्या बाजूनें होता. त्यानें १९७५ सालीं स्पर्धेसाठीं रचलेलें 'टूम ऑफ हॉरर्स' हें साहस १९७८ सालीं छापून निघालें. त्यांत एका दुष्ट जादूगारानें आपल्या समाधीच्या वाटेवर फरशींत एक पद्य गुंफून ठेविलें आहे. हिरव्यापासून शक्यतों दूर राहा, असा त्यांत एक इशारा आहे. वाटेच्या शेवटीं हिरव्या राक्षसाचें एक तोंड भिंतींत 'आ' वासून आहे. आंत मिट्ट काळोख. त्यांत जो शिरला तो नाहींसा झाला. हें कोडें निर्दय असलें तरी आमच्या मतें प्रामाणिक आहे. उत्तराचें साहित्य प्रसंगापूर्वींच खेळाडूच्या हातीं दिलेलें आहे. बाहेरची विद्या लागत नाहीं, नीट वाचण्याची संवय लागते. निर्दयपणाचें मूळ स्पर्धेंत आहे, कारण स्पर्धेंत कोणी ना कोणी गळावेंच लागतें. मित्रांच्या बैठकींत तो चाळणीचा न्याय कशाला?

लॉरेन्स शिक याच्या 'व्हाइट प्लूम माउंटन'मधील (१९७९) मासला याहून वेगळा. पांच अजस्र मांसपुतळे उभे आहेत. त्यांच्या छातींवर ५, ७, ९, ११, १३ हे आंकडे. यांतला विजोड कोणता? नऊ, कारण बाकीच्या मूळसंख्या आहेत. त्या भुयारांतील पुतळ्यांना मूळसंख्यांचें वेड कां असावें हें ग्रंथकारासच ठाऊक. शिवाय 'अकरा' असें उत्तर देऊन, दोन्ही अंक सारखे असलेला तो एकटाच, असें कोणी म्हणाला तर त्याला मूर्ख कसें म्हणावें? कोडें म्हणून हें शाळेच्या पाटीवरचें आहे. पण खेळांतला प्रसंग म्हणून तें बरें आहे, आणि त्याचें श्रेय शिक यास दिलें पाहिजे. उत्तर बरोबर आलें तर तो विजोड पुतळा तुमचा सेवक होतो. चुकलें तर ते अंगावर येतात. कांहींहि झालें तरी पुढें कांहीं तरी घडतें.

जेथें घडत नाहीं तेथें कोड्याचें कुलूप होतें. आम्हीं विद्यार्थ्यांची अशी एक बैठक पाहिली आहे. दारावर कोडें, उत्तर एकच, तें आल्याशिवाय दार उघडावयाचें नाहीं. तिघे सुचेल तें बोलत होते. चौथा, ज्याचें पात्र सर्वांत विद्वान, तो मात्र पेन्सिल फिरवीत बसला होता आणि बाकीचे त्याच्याकडे पाहत होते. पाऊण तासानें सूत्रधारानें कंटाळून दार उघडलें. त्या मुलाच्या चेहऱ्यावर त्या वेळीं जें दिसलें तें आम्ही तोंडी परीक्षेंत पुष्कळदां पाहतों. तें सोसण्यासाठीं कोणी सुटीच्या दिवशीं मित्राच्या घरीं जात नाहीं.

आपल्या जुन्या कथाकारांना ही मेख पुरती ठाऊक होती. विक्रमानें उत्तर जाणून मौन धरलें तर डोकें फुटणार. उत्तर दिलें तर मौन मोडतें आणि वेताळ पुन्हा झाडावर. गोष्ट कोणत्याहि बाजूनें हलतेच. यक्षाच्या तळ्याकांठीं चौघे पांडव पडले ते उत्तर चुकल्यामुळें नव्हे. प्रश्नाकडे दुर्लक्ष करून पाणी प्याल्यामुळें. तेथें परीक्षा तहानेची आहे, आणि ती पात्राचीच आहे. टोल्कीनच्या १९५४ सालच्या कादंबरींत मोरियाच्या दारापुढें गँडाल्फ शब्द शोधीत बसतो, परंतु दरम्यान जवळच्या तळ्यांतलें पाणी हलूं लागलेलें असतें.

सूत्रधारानें हेंच करावें. कोड्यापाशीं वेळ थांबवूं नये: मशाल जळत राहावी, मागून पावलें वाजावीं. चुकीच्या उत्तरालाहि वाट असावी, मग ती लांबची असो कीं रक्ताची. त्यानें योजलें नव्हतें असें परंतु चपखल उत्तर कोणी दिलें तर आपल्या वहींतलें उत्तर मुकाट्यानें खोडावें. फाशांचें काम मावशीचें: विद्वान पात्रासाठीं फासे टाकावे, दान चांगलें पडलें तर पहिला चरण सुचवावा, आणि उत्तर खेळाडूवर सोडावें. म्हणजे पेन्सिल फिरविणाऱ्यालाहि १८ गुणांचा उपयोग होईल आणि आंबाहि त्याचा तोच खाईल.

मराठींत खेळणारांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. वर सांगितलेल्या शिकच्याच ग्रंथांत एका स्फिंक्सच्या कोड्याचें उत्तर चंद्र असें आहे, आणि इंग्रजी रीतीप्रमाणें तेथें चंद्र स्त्रीलिंगी आहे. तें शब्दशः उतरवून 'ती' म्हटलें कीं आमचा खेळाडू पणती, चांदणी, परात असें सर्व कांहीं सांगेल, चंद्र सांगणार नाहीं. कारण आमच्या घरीं तो मामा आहे. तेथें 'तो' म्हणावें तर कोडें फारच सोपें होतें अशी तक्रार आम्हीं ऐकली आहे. होऊं द्यावें, पुढें अजून सबंध डोंगर चढावयाचा आहे.