चूक ठळक, कबुली दहाव्या पानावर

सॉफ्टवेअरच्या धंद्यात सिस्टीम कोसळली की आम्ही पोस्टमॉर्टेम लिहितो. त्यात कोण चुकलं यापेक्षा चूक इतक्या चाळण्यांतून सुटली कशी, हा प्रश्न मोठा असतो. बातमीच्या धंद्यात असं पोस्टमॉर्टेम क्वचितच वाचायला मिळतं. 'न्यू यॉर्क टाइम्स'ने २६ मे २००४ रोजी एक छापलं होतं.

इराककडे महासंहारक अस्त्रं असल्याच्या बातम्या टाइम्सने ठळकपणे दिल्या होत्या. युद्ध झालं, अस्त्रं सापडली नाहीत, टीका वाढत गेली. मग संपादकांनी आपल्याच बातम्या पुन्हा तपासल्या. सद्दामला हटवू पाहणाऱ्या परागंदा इराकींवर आपण विसंबलो. त्यांचे दावे ठळक छापले आणि त्यांवर शंका घेणाऱ्या नंतरच्या बातम्या काही वेळा आत दडल्या, असं त्यांनी लिहिलं. एकट्यादुकट्या बातमीदारावर खापर फोडलं नाही. इथवर उत्तम. पण ही कबुली छापली कुठे? दहाव्या पानावर! ज्या खोडीची कबुली दिली, ती कबुली देतानाही सुटली नाही.

चारच दिवसांनी त्याच पेपरात डॅनियल ओक्रेंट यांनी लिहिलं की हे अपयश व्यक्तींचं नाही, संस्थेचं आहे. ते टाइम्सचे पहिले 'पब्लिक एडिटर'. २००३च्या जेसन ब्लेअर प्रकरणानंतर, वाचकांच्या वतीने न्यूजरूमला जाब विचारण्यासाठी हे पद निर्माण झालं होतं. २०१७मध्ये टाइम्सने ते रद्द केलं. कारण काय, तर आता सोशल मीडियावरचे वाचकच पहारेकरी आहेत.

हा युक्तिवाद मला पटत नाही. युजर बग दाखवू शकतो. त्याला कोड दिसत नाही. बातमी कुणी दिली, कुणी तपासली, कुणी शंका काढली आणि ती का डावलली, हे बाहेरच्या हजारो संतप्त पोस्टना कळणार नाही. त्यासाठी आत जाऊन विचारणारा आणि उत्तर छापू शकणारा माणूस लागतो. आपल्याकडे 'द हिंदू'ने २००६मध्ये 'रीडर्स एडिटर' नेमला, तो याचसाठी.

त्यामुळे टीका झाल्यावर 'आमचा आमच्या बातमीवर विश्वास आहे' एवढं छापून कोणत्याही पेपरने मोकळं होऊ नये. टीकाकार चुकला असेल, तर पुरावे मांडून तसं सांगावं. आपण चुकलो असू, तर कसे चुकलो तेही सांगावं, आणि बातमी जिथे छापली होती तिथेच सांगावं.