सर्व्हरवरील आज्ञाधारित शोध आणि मराठी स्थलनामे : वाशी तालुक्याच्या संदर्भात एक चिकित्सा

सर्व्हरवरील असंख्य फाईलींतून हवी ती फाईल कमांड लाइनद्वारे शोधण्यासाठी युनिक्स परंपरेतील ‘फाइंड’ व ‘ग्रेप’ या आज्ञा प्रमाण मानल्या जातात. पहिली आज्ञा फाईलचे नाव, दिनांक व आकार यांवरून शोध घेते, तर दुसरी आतील मजकूर तपासते. ‘ग्रेप’चे जनक केन थॉम्पसन हेच १९९२ मध्ये यूटीएफ-८ ही संकेतप्रणाली रचणाऱ्यांपैकी एक होते. त्यामुळे यंत्राला देवनागरीचे वावडे आहे, ही नेहमीची तक्रार येथे टिकत नाही. खरी अडचण मराठीच्या रूपव्यवस्थेत आहे.

धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुक्याविषयीची कागदपत्रे शोधावयाची आहेत, असे समजू. ‘ग्रेप’ला ‘वाशी’ हा शब्द दिला असता नवी मुंबईतील वाशी तर येतेच; शिवाय ‘रहिवाशी’ आणि ‘वाशीम’ हे शब्द असलेल्या ओळीही येतात, कारण आज्ञा अर्थ पाहत नाही, केवळ अक्षरक्रम जुळविते. हा पसारा टाळण्यासाठी पूर्ण शब्दाचीच अट घातली, तर ‘वाशीतील’, ‘वाशीच्या’, ‘वाशीस’ ही सर्व रूपे गळतात. मराठी गद्यात गावाचे नाव विभक्तीविना किती वेळा येते? शेजारच्या भूम तालुक्याची स्थिती याहून बिकट आहे. ‘भूम’ शोधणाऱ्यापुढे ‘भूमिका’ आणि ‘भूमी’ यांचा ढीग येतो. तुळजापूरच्या बाबतीत उलट घडते. ‘तुळजापुरात’ या रूपात दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो व शोध रिकामा परततो. ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही चिन्हे चौकटी कंसात देऊन हा दोष दूर करता येतो, मात्र त्यासाठी सर्व्हरची भाषा-मांडणी यूटीएफ-८ असावी लागते. ‘परंडा’ व ‘परांडा’ या दोन्ही लेखनांचा विचारही शोधणाऱ्यानेच करावयाचा असतो. २०२३ मध्ये उस्मानाबादचे नाव धाराशिव झाल्याने जिल्ह्याच्या नावाने घेतलेला शोधही आता दोनदा करणे भाग आहे.

या रिक्त उत्तराचा अर्थ लावताना संशोधकाची खरी कसोटी लागते. ‘ग्रेप’ला काही सापडले नाही तर ती मौन पाळते. ‘फाइंड’ प्रवेश नाकारलेल्या फोल्डरांची सूचना देते. परंतु पडदा स्वच्छ राहावा म्हणून ती सूचना दडपून टाकण्याची सवय सार्वत्रिक आहे. (सोय म्हणून शिकविली गेलेली ही सवय संशोधनास घातकच म्हणावी लागेल.) अशा शोधावरून ‘वाशीसंबंधी नोंद उपलब्ध नाही’ असे विधान प्रबंधात गेले, तर मार्गदर्शकाने शोधाची नेमकी आज्ञा मागून घ्यावी.

जुन्या दस्तऐवजांबाबत तर हे अधिकच खरे आहे. कृतिदेव किंवा श्री-लिपीच्या जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, परंतु साठवणीत तो देवनागरी नसतोच. वर्डच्या डॉक्स फाईलीत तो संकुचित स्वरूपात असतो आणि स्कॅन केलेले पान हे केवळ चित्र असते. या तिन्ही ठिकाणी ‘वाशी’ डोळ्यांसमोर असूनही ‘ग्रेप’ला दिसत नाही.