भिंतीने ओल धरली

मराठी समीक्षेत 'ओल' हा गौरवाचा शब्द आहे. कथासंग्रहाच्या मलपृष्ठावर, पुरस्काराच्या मानपत्रात, लेखक गेल्यानंतरच्या मृत्युलेखात तो हमखास भेटतो. लेखनाला माणुसकीची ओल आहे असे एकदा म्हटले की पुढे काही सिद्ध करावे लागत नाही. उलट एखाद्या कादंबरीला 'कोरडी' म्हटले की तिचा निकाल लागलाच. गेली काही वर्षे मी या शब्दाच्या मागावर आहे. त्याचे कारण वाङ्मयीन आहे तसे घरगुतीही आहे. मी ठाण्यात भाड्याच्या घरात राहते आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटामागच्या भिंतीला ओल आहे. ही ओल माणुसकीची नाही. तिच्याविषयी मराठीत काय लिहिले गेले आहे हे शोधू लागले, तेव्हा जे हाती लागले त्यापेक्षा जे लागले नाही तेच अधिक बोलके वाटले.

आधी शब्दाकडे पाहू. ओलीला हा मान कुठून मिळाला असावा? माझा तर्क असा की तो घाटावरच्या कोरडवाहू शेतातून आला. माण-खटावकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तिथे जमिनीत वीतभर ओल गेली की नाही यावर वर्षाचे गणित ठरते. ओल पाहून वापसा ठरवायचा, वापशावर पेरायचे. अशा प्रदेशात ओल म्हणजे आशा, आणि तिथून ती नात्यांत, मनांत, डोळ्यांत आणि शेवटी पुस्तक परीक्षणात शिरली. पण याच भाषेचा दुसरा प्रदेश कोकण आहे. तिथे चार महिने माणूस ओलीशी झुंजतो. मे महिन्यात घर शाकारायचे, कौले परतायची, सरपण कोरडे ठेवायचे, पापड-कुरडया डब्यात घट्ट बंद करायच्या. सादळणे, कुबट, सर्द, दमट, बुरा, शेवाळ, लोणा, पोपडा, झड, आंबूस वास हे सगळे शब्द या झुंजीचे आहेत. समीक्षेने घाटावरची ओल उचलली आणि हे शब्द स्वयंपाकघरात ठेवून दिले. एखादी कथा 'सादळली आहे' असे कुणी म्हटलेले मी वाचलेले नाही. म्हणायला हरकत नव्हती. तशा कथा बऱ्याच आहेत. शेतकऱ्याने मात्र नेमकेपणा सोडला नाही. अतिवृष्टीत उभे पीक सडले की तो 'ओला दुष्काळ' म्हणतो. ओलीला गुन्हेगार ठरवणारा इतका स्पष्ट शब्दप्रयोग शहरी मराठीने घडवला नाही.

एक मोठा अपवाद आहे, तो मर्ढेकरांचा. त्यांची उंदरांची कविता शाळा-कॉलेजात शिकलेल्या प्रत्येकाला आठवते. त्या कवितेवर जितकी चर्चा झाली तितकी मराठीत फार थोड्या कवितांवर झाली असेल. उंदीर म्हणजे कोण, त्यांचे मरण म्हणजे काय, माना पडल्या म्हणजे काय, यावर पिढ्यांनी वाद घातले. पण ज्या पिंपात ते मेले ते ओले आहे, इकडे सहसा कुणी थांबत नाही. मला ते विशेषण मुख्य वाटते. इथली ओल काही उगवून देणारी नाही. ती बंदिस्त जागेतली आहे, वारा नसलेली आहे, आणि आतल्या जिवाला बाहेर पडता येत नाही म्हणून जीवघेणी आहे. 'काही कविता' १९४७ साली आला. मुंबईचा भाडेनियंत्रण कायदाही १९४७ चाच. मर्ढेकरांनी भाडेकरूंवर कविता लिहिली असा शोध मी लावत नाही. मात्र ज्या शहरात माणसे मिळेल त्या खोलीत कोंबली जात होती, त्याच शहराच्या मराठीत ओल पहिल्यांदा मायेवाचून आली, हे नोंदवण्याजोगे आहे.

त्यानंतरच्या भाड्याच्या घराच्या साहित्यात भिंत कुठे आहे? 'बटाट्याची चाळ' १९५८ ची. तिच्यातली भाडेकरूंची जी एकजुटीची लढाई सगळ्यांच्या लक्षात राहिली ती गच्चीसाठीची आहे. विनोद म्हणून ते अचूक आहे, कारण गच्ची मागताना माणूस रुबाबात असतो. गळती थांबवा म्हणताना तो याचक होतो, आणि याचकावर पु.लं.ना हसायचे नव्हते. भाऊ पाध्यांच्या 'वैतागवाडी'त मुंबईत जागा मिळवण्याची दमछाक आहे. हा आपल्याकडचा खरा कथाविषय: जागा मिळणे. मिळाल्यावर तिच्या भिंतींचे काय झाले ही गोष्ट सांगायला लेखकाजवळ दम उरत नाही, वाचकाजवळही नाही.

बाबूराव बागूलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ च्या संग्रहातील शीर्षककथेने मला या मौनाचे कारण सर्वांत नीट समजावले. नोकरीच्या गावी खोली मिळावी म्हणून त्या कथेतला निवेदक जात लपवतो. ही कथा ओलीची नाही, हे उघड आहे. पण भाडेकरू तक्रार का करत नाही, याचे उत्तर तिच्यात आहे. ज्याला दारातून आत येण्यासाठीच काही लपवावे लागले, तो भिंतीबद्दल तोंड उघडणार नाही. आजही आडनाव विचारून, धर्म पाहून, एकटी बाई आहे म्हणून, मांसाहार करतात म्हणून घर नाकारले जाते. अशांतल्या ज्यांना घर मिळते त्यांची बुरशी बहुधा कुठल्याच कागदावर येत नाही. ज्याला पुन्हा घर शोधण्याची भीती नाही तोच तक्रार करू शकतो.

आता मी साहित्य म्हणून सहसा न वाचल्या जाणाऱ्या एका मजकुराकडे वळते. 'लिव्ह अँड लायसन्स'चा अकरा महिन्यांचा करारनामा हा महाराष्ट्राच्या शहरांतला बहुधा सर्वाधिक सह्या झालेला गद्यप्रकार असावा. त्यात बहुतेक वेळा एक कलम असते: जागा सुस्थितीत आहे याची राहणाऱ्याने पाहून खात्री केली आहे. दुसरे कलम असते: साधारण झीज सोडून जागा होती तशी परत करायची. दोन्ही कलमांत ओल बसत नाही. ती झीज नाही आणि भाडेकरूने केलेले नुकसानही नाही. शिवाय खात्री करायची वेळ कोणती? माझा करार फेब्रुवारीत झाला. फेब्रुवारीत भिंत खोटे बोलते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिने तोंड उघडले. आधी रंग फुगला, मग पोपडे आले, मग कपाटामागे करड्या-काळ्या ठिपक्यांची नक्षी पसरली. ज्ञानकोशाचे दोन खंड फळीला चिकटले.

मी घरमालकांना फोन केला. ते वयाने मोठे, बोलायला सभ्य. म्हणाले, "अहो ताई, तुम्ही कपडे आत वाळत घालता ना? खिडक्या उघड्या ठेवत चला. आधी राहायचे त्यांना कधी त्रास झाला नाही." पावसाळ्यात कपडे आत वाळत घालणे हा ठाण्यात गुन्हा असेल तर निर्दोष कुणीच सापडणार नाही. तरी त्यांचे म्हणणे मी तपासून पाहिले. पद्धत जुनी आणि फुकटची आहे. भिंतीचा हातभर भाग पुसून कोरडा करायचा, त्यावर प्लॅस्टिकचा जाड तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि दोन दिवस हात लावायचा नाही. पाणी प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या अंगाला साचले तर ते हवेतले, म्हणजे स्वयंपाकाचे, कपड्यांचे, श्वासाचे. भिंतीकडच्या अंगाला साचले तर ते भिंतीतून येते आहे. माझे थेंब भिंतीकडच्या अंगाला होते. मी फोटो पाठवला. "काका, हे कपड्यांचं पाणी नाही," एवढेच लिहिले. मग काकांनी वरच्या मजल्याच्या मोरीकडे बोट दाखवले, वरच्यांनी सोसायटीकडे आणि सोसायटीने मला सांगितले की तुम्ही सभासद नाही, अर्ज घरमालकाने करायचा. आदर्श उपविधींनुसार गच्चीची, बाहेरच्या सामाईक नळांची आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, सदनिकेच्या आतली सभासदाने. राहणारा कुठेच येत नाही. फुप्फुसे तेवढी त्याची.

इथे भाषा पुन्हा आडवी येते. आपण काय म्हणतो पाहा. भिंतीला ओल आली. छताला गळती लागली. कोपऱ्यात बुरशी आली. विटांना लोणा लागला. ताप येतो, आंब्याला मोहोर येतो, पाहुणे येतात, तशी ओल येते. वाक्यात माणूस नाहीच. आणि ओलीखेरीज दुसरा कर्ता सापडतो तेव्हा तो खुद्द भिंत: भिंतीने ओल धरली. जणू तिनेच हट्टाने धरून ठेवली आहे. बाहेरच्या गिलाव्याची भेग कुणी बुजवली नाही, नहाणी ट्रॅपचा सांधा कुणी तपासला नाही, हे या वाक्यांत मावत नाही. इंग्लंडमध्ये हाच बचाव निराळ्या शब्दांत झाला: तुमच्या राहणीमुळे बुरशी होते. तिथल्या गृहनिर्माण लोकपालाने २०२१ मध्ये ओल आणि बुरशीवर अहवाल काढला आणि प्रश्न राहणीचा नाही हे त्याच्या शीर्षकातच घातले. त्याच्या आदल्या डिसेंबरात रॉचडेल गावी दोन वर्षांचा एक मुलगा दगावला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूच्या अधिकृत चौकशीत घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क हे कारण नोंदले गेले. वडिलांनी २०१७ पासून तक्रारी केल्या होत्या. त्यांना वरून रंग मारा असे सांगण्यात आले होते. २०२३ च्या कायद्यात त्या मुलाच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद झाली, घरमालक संस्थांना मुदतीत दुरुस्ती बंधनकारक करणारी.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या चौदाव्या कलमात घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. त्याने टाळाटाळ केली तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. हिशेब करून पाहा. पागडीच्या घराचे भाडे महिना तीनशे रुपये धरले तर वर्षाचे ३,६०० आणि चौथाई ९००. नऊशे रुपयांत गच्चीचे वॉटरप्रूफिंग सोडा, कामगाराचा दिवसही भागत नाही. जुन्या घरांची भाडी दीर्घकाळ १९४०च्या पातळीला गोठवलेली होती, त्यामुळे मालकाला दुरुस्तीत रस नाही. तोही पूर्ण खोटा नाही. याउलट महिना वीस हजार भरणाऱ्याची चौथाई ६०,००० होते. त्यात एक भिंत नीट होईल. पण हा माणूस बहुधा लायसन्सवर राहतो, कायद्याच्या व्याख्येत तो भाडेकरूच नाही, आणि अकरा महिन्यांनी त्याला निघायचे असते. ज्याला हक्क आहे त्याचे भाडे पुरत नाही, ज्याचे भाडे पुरते त्याला हक्क नाही. 'बटाट्याची चाळ' आणि आजचे वन बीएचके यांच्यामधला सगळा काळ या एका कलमाच्या दोन बाजूंना उभा आहे, आणि यावर मराठीत कादंबरी नाही याचे मला आश्चर्य वाटते.

दिवाळीचा या विषयाशी संबंध अंकापुरता नाही. दिवाळीला रंग काढायची आपली रीत मुळात ओलीवरचा उपाय होती. पूर्वी भिंतीला चुन्याचा हात देत, थोडी नीळ घालून. चुना तीव्र अल्कधर्मी, त्यात बुरशी सहसा तग धरत नाही. आणि तो वाफ अडवत नाही, भिंत त्याच्यातून वाळत राहते. आता आपण प्लॅस्टिक इमल्शन लावतो, तेही ऑक्टोबरात, भिंतीच्या पोटातले पाणी अजून निघायचे असताना. पाणी आत कोंडले जाते, पुढच्या पावसात रंगासकट बाहेर येते. सळ्यांपर्यंत गेले तर त्या गंजतात, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट फुटते. रंगारी हे सगळे जाणतात. माझ्याकडे आलेले म्हणाले, "मॅडम, आत्ता नका लावू, फेब्रुवारीत बोलवा. पण सगळे दिवाळीलाच मागतात." सणाला पाहुणे येणार, भिंत चांगली दिसली पाहिजे. ओलीचे कौतुक करणारे आपले परीक्षण मला अशा वेळी आठवते, पण ती तुलना मी ताणत नाही.

माझे जुने दिवाळी अंक मी दर वर्षी ऑक्टोबरच्या उन्हात गॅलरीत काढते. आधी दिवसभर पूर्ण वाळू द्यायचे, मगच मऊ ब्रशने झाडायचे, तेही नाकाला मास्क बांधून, घराबाहेर. ओले असताना पुसले की बुरशी कागदात शिरते. कपाट आता भिंतीपासून चार बोटे पुढे आहे. नवा करार करताना मी एक कलम घालायला सांगितले: छतातून किंवा बाहेरच्या भिंतीतून पाणी आल्यास घरमालक पंधरा दिवसांत दुरुस्ती करून देतील, न दिल्यास भाडेकरू ती करून घेईल आणि खर्च भाड्यातून वजा होईल. एजंटने ते दोनदा वाचले. म्हणाला, "ताई, असं कोणी लिहीत नाही. 'ओल आल्यास दोघांनी समजुतीने घ्यावे' असं टाकू का?" मी नको म्हटले. 'घरमालक' हा शब्द वाक्यात राहू द्या, एवढेच सांगितले. काकांनी सही केली. 'पंधरा' खोडून 'तीस' केल्यावर.