न दिसणाऱ्या मदतनिसाचा हिशेब

घरात काय किती वापरलं जातं, याचा माग ठेवायला बायकांनी कधी कुणाची वाट पाहिली नाही. दुधाचा रतीब, सिलिंडर लावल्याची तारीख, इस्त्रीला गेलेले कपडे, कामवाल्या मावशींचे खाडे, सगळं कालनिर्णयच्या चौकोनात. १९७३ साली निघालेली ही दिनदर्शिका तिथी-वार सांगायला आली. तिची हिशेबवही केली ती आपण.

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र घरात असा एक मदतनीस शिरला आहे, ज्याचं खातं कुठेच नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणा, एआय म्हणा. शाळेला द्यायचा अर्ज तो लिहितो, दुखऱ्या गुडघ्यावर सल्ला देतो, महिला मंडळाच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालनही करून देतो. कधी आपण त्याला बोलावतो, तर कधी तो न बोलावता येतो. मोबाइलवर काही शोधायला जावं, तर सगळ्यांत वर त्याचं तयार उत्तर आधीच येऊन बसलेलं असतं. दळायला टाकलेलं पीठ किती आलं हे आपण डबा उचलून सांगू. दिवसभरात याला किती कामं सांगितली, हे कुणालाच सांगता येणार नाही.

म्हणून घरात एखादी अशी वस्तू असावी, की जिच्याकडे पाहिल्यावर हा वापर डोळ्यांना दिसेल, असं काही रचनाकारांना वाटतं. दिवा असेल, घड्याळ असेल, भिंतीवरचं एखादं खेळणं असेल. कल्पना मला पटते. पण घरात येणारी वस्तू आपण ठोकून-वाजवून घेतो, तशी हीही घ्यावी. तिला तीन प्रश्न विचारावेत. बाई, तू काय दाखवणार? कुणाला दाखवणार? आणि पाहून झाल्यावर आम्ही काय करायचं?

या वस्तूंची आजी शोभेल अशी एक दोरी १९९५च्या सुमारास अमेरिकेत पालो आल्टोच्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात टांगलेली होती. नताली जेरेमिजेन्को या कलावतीनं ती केली. छताला छोटी मोटर, मोटरीला लोंबणारी आठ फुटी प्लास्टिकची दोरी आणि मोटरीची जोडणी संगणकांच्या जाळ्याच्या तारेला. तारेतून माहिती गेली की मोटर हलकासा हिसका देई. वर्दळ कमी असली की दोरी मधूनच थरथरे; वाढली की गरगर फिरून आवाज करी. वाऱ्यानं हलणाऱ्या फांदीवरून आपण वाऱ्याचा जोर ओळखतो, तसा लोकांना येता-जाता जाळ्यावरचा भार कळे. ना आकडा, ना उपदेश. मला ही दोरी फार आवडते. पण ती सांगायची ते गर्दीचं प्रमाण. त्या गर्दीत कामाचं किती आणि फुकाचं किती, हे तिला कुठून कळणार?

दुसरी वस्तू स्वीडनची. तिथल्या इंटरॅक्टिव्ह इन्स्टिट्यूटनं या शतकाच्या सुरुवातीला विजेची एक एक्स्टेन्शन वायर तयार केली. आतून वीज वाहू लागली की वायर उजळते. वापर वाढला की तिच्यातला प्रकाशही वाढतो. हिचा गुण असा की जिथे खर्च, तिथेच खूण, आणि बटणही तिथेच. पाहिलं, वाटलं, बंद केलं.

तिसरी आपल्याकडेही अनेक घरांत पोचली आहे. हाकेला ओ देणारा ॲमेझॉनचा एको स्पीकर. त्याच्यावरचं निळं कडं पेटलं की समजावं, हा ऐकतो आहे. एवढं तरी तो सांगतो, हे चांगलंच. पण आपला आवाज पुढे कुठे गेला आणि आज हा किती वेळा पेटला, ते कडं सांगत नाही. विकणाऱ्यानं बसवलेला दिवा विकणाऱ्याला सोयीचं तेवढंच उजळतो.

आता याच धर्तीवर एआयसाठी दिवा करायचा, तर कोणी म्हणेल, स्वीडनच्या वायरीसारखी वीज दाखवा. इथे जरा आकड्यांत शिरावं लागेल. गूगलनं ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या जेमिनीचा हिशेब जाहीर केला. मजकुराच्या एका सर्वसाधारण प्रश्नाला ०.२४ वॉट-तास वीज आणि ०.२६ मिलिलिटर, म्हणजे पाचेक थेंब पाणी. हा आकडा कंपनीचा स्वतःचा आहे आणि फक्त लिखित प्रश्नोत्तरांचा आहे, हे ध्यानात ठेवू. तरी तो धरला, तर ९ वॉटचा दिवा दीड मिनिट जळण्याएवढा हा खर्च. मीटरवर एक युनिट पडायला चार हजारांहून जास्त प्रश्न विचारावे लागतील. दोन हजार वॉटचा गीझर तेच युनिट अर्ध्या तासात खातो. म्हणजे दर प्रश्नाला लाल पेटणारा दिवा आपल्याला उगीच धाक घालणार, आणि खऱ्या प्रमाणात पेटणारा दिवा दिसणारच नाही.

मग वीज जाते कुठे? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबानं २०२४ साली जगभरच्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज घेतली, जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्क्याच्या आसपास. २०३० पर्यंत ती ९४५ अब्जांवर जाईल असा त्यांचा अंदाज आहे, आणि वाढीचं मोठं कारण एआय. आपला थेंब लहानच, पण तळं मोठं होतंय. हे तळं दाखवण्याची जबाबदारी ते भरणाऱ्या कंपन्यांवर आणि त्यांना परवाने देणाऱ्या सरकारांवर टाकायला हवी. स्वयंपाकघरातल्या दिव्यानं ती बाईच्या पदरात टाकू नये. काटकसरीचे धडे पहिल्यांदा आपल्यालाच मिळतात, हे काही आजचं नाही.

आकड्याला अर्थ केव्हा येतो, तेही इथे बेळगावात आम्ही पाहिलं. २०२३ साली कर्नाटकात गृहज्योती योजना आली. दोनशे युनिटांपर्यंत वीज फुकट, पण आधीच्या वर्षीच्या सरासरीवर दहा टक्के, एवढीच मर्यादा. त्याआधी मीटर म्हणजे जिन्याखालचा धूळ खाणारा डबा. मर्यादा कळली आणि गल्लीतल्या बायका वाकून युनिट वाचायला लागल्या. हद्द ठाऊक असली तरच आकडा बोलतो. एआयच्या वापराला अशी हद्द कुणी घालून दिलेली नाही. ती आपली आपण ठरवायची आहे.

दुसरा प्रश्न, कुणाला दाखवायचं? हा मला सगळ्यांत नाजूक वाटतो. भरल्या घरात दिवाणखान्यात दिवा लागला, की चार डोळे वळणार. "आता काय विचारलंस गं?" सून आपल्या पाळीबद्दल विचारत असेल, कुणी माहेरच्या जमिनीतल्या हिश्श्याबद्दल, एखादी मुलगी जिवाला जाळणाऱ्या गोष्टीबद्दल, जी आईला सांगता येत नाही. त्या बाईला जगात एक जागा मिळाली आहे, जिथे विचारलं म्हणून कुणी भुवया उंचावत नाही. ती जागाही पूर्ण खासगी नाही, तिकडे कंपनी बसलेली आहे. पण निदान सासूबाई बसलेल्या नाहीत. वापर दृश्य करण्याच्या नादात आपण घरातल्या दुबळ्या माणसावर आणखी एक पहारा बसवणार असू, तर ती वस्तू दारातूनच परत पाठवावी. कालनिर्णयवरच्या दुधाच्या खुणा पाहा. किती लिटर, ते कळतं. कोण प्यायलं, ते कळत नाही.

तिसरा प्रश्न, पाहून करायचं काय? आपल्या घरांत याचं उत्तर देणारी एक वस्तू पिढ्यान् पिढ्या आहे. पाणी गाळायचं दुपदरी कापड. त्यातले सूक्ष्म जीव डोळ्यांना कुणाला दिसले आहेत? कापड ते दाखवत नाही. ते हाताला थांबवतं. गाळून झाल्यावर कापड उलटं धरून, त्यात उरलेलं ज्या आडाचं पाणी त्याच आडात सोडायचं, हेही शिकवतं. न दिसणाऱ्याची जाणीव ठेवायला दिवा लागत नाही, हाताला एक छोटी कृती लागते. दिव्याला डोळे चार दिवसांत सरावतात. हात सरावला, तर त्याचं वळण होतं.

तेव्हा माझी वस्तू साधी आहे. तिला वीज नको, वायर नको. घरात पडून असलेला एखादा मसाल्याचा डबा घ्या, त्यात तीन वाट्या ठेवा, शेजारी मूठभर चिंचोके. एआयला काही विचारलं की एक चिंचोका टाकायचा. जे मला ठाऊकच नव्हतं, ते पहिल्या वाटीत. जे मला येत होतं, पण कंटाळा केला, ते दुसऱ्या. आणि जे एखाद्या माणसाला विचारता आलं असतं, ते तिसऱ्या. न मागता आलेल्या उत्तरावर विसंबलो, तर त्याचाही चिंचोका टाकायचा. डबा ज्याचा त्यानं स्वतःजवळ ठेवायचा. कोणता चिंचोका कोणत्या वाटीत, हे यंत्र ठरवू शकणार नाही आणि नवराही नाही. ते ठरवायला लागणारा तो अर्धा क्षण हीच या वस्तूची किंमत.

आमच्या भागात तर तिसरी वाटी फार बोलेल. सरकारी नोटीस कन्नडमध्ये येते. मराठी शाळेत शिकलेली बाई पूर्वी ती घेऊन शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या वहिनींकडे जायची. त्या वाचून दाखवायच्या, चहा व्हायचा, घरपट्टीबरोबर दोन घरांच्या गोष्टी निघायच्या. आता मोबाइलचा कॅमेरा धरला की नोटीस मराठीत. यात तोटाच आहे असं मी म्हणणार नाही. आपल्या घरची थकबाकी शेजारणीला न कळता वाचता येणं, ही मोठी मोकळीक आहे. ज्यांना शेजार चांगला मिळाला नाही, त्यांना विचारा. पण दोन भाषांमधलं ते जाणं-येणंही त्याच नोटिशीबरोबर थांबलं. वीज मोजणाऱ्या कुठल्याही दिव्यात हे दिसणार नाही.

तिसरी वाटी भरलेली दिसली, म्हणून लगेच मोबाइल आपटायची गरज नाही. त्यातला एक चिंचोका उचलावा, चपला घालाव्यात आणि जिला विचारता आलं असतं, तिच्या दारावरची कडी वाजवावी. नोटीस वाचून झालेली असली तरी चालेल.