डोंगरावरील भूक आणि ख्रिस्ती साक्ष

आमच्या अनेक मंडळ्यांतून युवकांना शिबिराच्या निमित्ताने डोंगरावर नेण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. ही पद्धत स्वागतार्ह आहे. शहरी तरुणांना श्रमाची, मौनाची आणि एकमेकांना हात देण्याची सवय लागते, हा लाभ लहान नव्हे. तथापि शिबिराच्या अखेरीस जी साक्ष दिली जाते, तिचे स्वरूप तपासून पाहण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते. ही साक्ष बहुधा एकाच साच्यातून निघते. चढ अवघड होता, पाय गळाले, आम्ही प्रार्थना केली, बळ आले आणि शिखरावर पाऊल ठेवताच जीवनाचा हेतू उमगला. सांगणाऱ्याच्या प्रामाणिकपणाविषयी आम्ही शंका घेत नाही. आमचा प्रश्न साच्याविषयी आहे. जो शिखरावर पोहोचला, त्याची साक्ष आपण ऐकतो. ज्याची प्रार्थना वाटेतच विरून गेली, त्याने काय सांगावे?

हा प्रश्न आम्हांला मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या एका थोर लेखिकेकडे घेऊन जातो. हैदराबादच्या ज्या हिमायतनगर भागात बसून आम्ही हे लिहीत आहोत, तेथे तिरुमला तिरुपती देवस्थानाचे बालाजी मंदिर आहे. आमच्या ओळखीची कितीतरी कुटुंबे, त्यांत मराठी भाषिकही आले, येथे दर्शन घेतात आणि वर्षाकाठी तिरुमलाच्या डोंगराकडे निघतात. अलिपिरीपासून सुमारे 3,550 पायऱ्या चढून जाणारे त्यांत थोडे नाहीत. त्याच डोंगरावर, सुमारे दीडशे वर्षांपूर्वी, एक मराठी ब्राह्मण कुटुंब मरणाच्या निश्चयाने अरण्यात शिरले होते. त्या कुटुंबातील धाकटी कन्या पुढे पंडिता रमाबाई म्हणून जगाला परिचित झाली.

रमाबाईंचा जन्म 1858 च्या एप्रिलमध्ये सह्याद्रीतील गंगामूळ येथील रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्यासाठी समाजाचा रोष पत्करला. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थामागून तीर्थ पायी चालत राहिले. 1874 च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात जवळचे सर्व काही संपले. त्या दिवसांची हकीकत रमाबाईंनी दुष्काळाच्या अनुभवांविषयीच्या आपल्या 1897 मधील इंग्रजी लेखनात दिली आहे. तांदळाचा शेवटचा दाणा संपल्यावर, आपल्या लोकांत दारिद्र्याची मानहानी सोसण्यापेक्षा रानात मरावे असे सर्वांनी ठरविले आणि रात्रीच्या वेळी व्यंकटगिरीवरील वसती सोडली. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्या. अखेर वृद्ध, दृष्टी गेलेल्या वडिलांनी जवळच्या पवित्र तळ्यात जलसमाधी घेण्याचे ठरविले. प्रत्येकाचा निरोप घेताना त्यांनी धाकट्या मुलीला कवटाळले आणि तू देवाची आहेस, आयुष्यभर त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचा उपदेश केला.

येथपर्यंतच्या कथनात एकही दर्शन नाही, आकाशवाणी नाही, हे वाचकबंधूंनी ध्यानात घ्यावे. जलसमाधी टळली ती थोरला भाऊ श्रीनिवास याच्या एका निर्णयामुळे. जातीचा अभिमान टाकून आपण मोलमजुरी करू आणि आईवडिलांना पोसू, असे तो म्हणाला. मरणाच्या वाटेवरून हे कुटुंब मागे फिरले ते अभिमान सोडून कष्टाला तयार झाल्यामुळे. आणि तरीही या कथेचा शेवट गोड नाही. वडील लवकरच वारले, आईही गेली. आईच्या अखेरच्या दिवसांत रमाबाई शेजारच्या एका ब्राह्मण स्त्रीकडे भाकरीचा तुकडा मागण्यास गेल्या. परंतु लाजेने तोंडातून शब्द फुटेना, केवळ अश्रू वाहू लागले. त्या बाईने ओळखले आणि भाकरी दिली. ती घेऊन धावत येईतो आई खाण्याच्या पलीकडे गेली होती.

आता 1907 मधील ‘ए टेस्टिमोनी’ या त्यांच्या इंग्रजी पुस्तिकेकडे वळू. हीच त्यांची प्रसिद्ध साक्ष. श्रद्धेचा सगळा प्रवास येथे सांगितला आहे. आसामातील सिलचर येथे हाती आलेले लूकचे शुभवर्तमान, इंग्लंडमधील वाँटेज येथे 29 सप्टेंबर 1883 रोजी झालेला बाप्तिस्मा आणि त्यानंतर कित्येक वर्षांनी आलेली ही जाणीव की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. या पुस्तिकेत डोंगरावरील त्या अकरा दिवसांना सविस्तर स्थान नाही. दुष्काळाचा आणि मृत्यूंचा उल्लेख करून लेखिका पुढे जातात. आमच्या मते या दोन लेखनांतील हा फरक अत्यंत अर्थपूर्ण आहे. आजचा साचा वापरावयाचा असता, तर व्यंकटगिरीचे अरण्य ही साक्षीची सर्वांत प्रभावी प्रस्तावना ठरली असती. रमाबाईंनी ते दुःख आपल्या परिवर्तनाची शोभा वाढविण्यासाठी वापरले नाही. 1896-97 मध्ये मध्यप्रांतात लोक अन्नावाचून मरू लागले, तेव्हा मात्र त्यांनी ते उघड केले, कारण भुकेलेल्या मुलींसाठी बोलावयाचे होते. स्वतःची भूक आठवून त्या दुष्काळी मुलुखात गेल्या, मुलींना घेऊन परतल्या आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदनाचे कार्य उभे राहिले. डोंगरावर न सापडलेला हेतू वीस-बावीस वर्षांनी सपाटीवर सापडला, आणि तोही दुसऱ्याच्या भुकेत.

याच पुस्तिकेत आणखी एका डोंगराची कथा आहे. आईवडिलांच्या मृत्यूनंतर बहीणभाऊ हजारो मैल पायी हिंडले. काश्मीरकडे झेलमच्या तीरावर पांघरूण नसल्यामुळे खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी थंडीच्या रात्री काढल्या. हिमालयाच्या बाजूस एका सरोवरात सात तरंगते पर्वत असून ते निष्पाप यात्रेकरूंकडे आपण होऊन येतात, अशी ख्याती होती. श्रीनिवास पहाटे पाण्यात उतरून पोहत गेला, तेव्हा ते पर्वत तराफ्यांवर माती घालून, झाडे लावून केलेले आढळले. दक्षिणा मिळाली की मागे दडलेले लोक ते ढकलीत. या प्रसंगावरून परधर्मीयांना हसणारे प्रवचन करणे सोपे आहे आणि आम्ही ते ऐकलेही आहे. परंतु प्रसंगाची धार आपल्याकडेही वळली पाहिजे. श्रोत्यांना हवा तो डोंगर त्यांच्याकडे सरकविण्याचे काम साक्ष सांगणाराही करू शकतो. अपयशाचा भाग गाळावा, दोन वर्षांचा अंधार दोन वाक्यांत आटपावा आणि शिखर जवळ आणावे, म्हणजे डोंगर तरंगू लागतो. तराफा ढकलणारा तेवढा दिसत नाही.

रमाबाईंच्या लेखनात दोष नाही असे नाही. 1907 च्या लेखिका आपल्या पूर्वायुष्याकडे निश्चित झालेल्या दृष्टीने पाहतात आणि आईवडिलांची सारी उपासना व्यर्थ होती, असा निकाल देतात. वीस वर्षे देवळांतून देवाला शोधणाऱ्या त्या वृद्धाविषयी हा निकाल पुरेसा आहे काय? आमचे उत्तर असे की, रमाबाईंचे कथन त्यांच्या निकालापेक्षा अधिक उदार आहे. वडिलांचे अखेरचे बोल त्यांनी इतक्या जिव्हाळ्याने जतन केले आहेत की वाचकाला त्यांत आज्ञा ऐकू येते, आणि ती आज्ञा पाळणारे जीवन म्हणजेच केडगावचे कार्य. देवाला पुरते न ओळखणाऱ्या पित्याने मुलीला देवाच्या हाती दिले आणि देवाने ते दान नाकारले नाही. ज्या धर्मशिक्षकांसमोर इतर धर्मांतून आलेली माणसे बसतात, त्यांनी या भेदाचा विचार अवश्य करावा. नव्याने विश्वास ठेवणाऱ्याला त्याच्या मृत आईवडिलांवर निकाल देण्यास भाग पाडणे, हा साक्षीचा भाग नव्हे.

पवित्र शास्त्रही आपल्याला याच दिशेने नेते. एलीया होरेब डोंगरावर पोहोचला, तेव्हा त्याच्या चढण्याचे कौतुक झाले नाही. तू येथे काय करतोस, असा प्रश्न त्याला विचारण्यात आला आणि पुन्हा दिमिष्काच्या वाटेने कामावर पाठविण्यात आले. मार्ककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात पेत्राला रूपांतराच्या डोंगरावर मंडप उभारावयाचे होते. पण खाली एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन उभा होता आणि प्रभू त्याच्याकडे उतरला. पाश्चात्त्य वाङ्मयातील विख्यात गिर्यारोहणाचाही प्रकार वेगळा नाही. इटालियन कवी पेत्रार्क याने आपल्या पत्रात व्हाँतू पर्वतावरील चढाईची 26 एप्रिल 1336 ही तारीख दिली आहे. शिखरावर त्याने संत ऑगस्टीनचे ‘कन्फेशन्स’ उघडले, आणि पर्वत पाहून चकित होणारा माणूस स्वतःला मात्र विसरतो हा त्यातील बोध वाचून तो स्वतःवरच रागावला. उतरताना तो एक शब्दही बोलला नाही.

म्हणून आमची विनंती इतकीच की युवकांना डोंगरावर अवश्य न्यावे, परंतु साक्ष शिखरावर किंवा त्याच रात्री मागू नये. काही महिने जाऊ द्यावेत. मग विचारावे की, उतरल्यावर तुम्ही कोणाकडे गेलात? ज्याला सांगण्यासारखे काही नाही, त्याला गप्प बसण्याची मोकळीक असावी; त्याच्या गप्प बसण्यातही देवाचे काम चालू असू शकते. अकरा दिवस उपाशी राहिलेल्या त्या सोळा वर्षांच्या मुलीला व्यंकटगिरीवर कोणी साक्ष विचारली असती, तर तिच्याजवळ रडण्याखेरीज काही नव्हते. तिची साक्ष पुढे केडगावात मुलींच्या पानांत वाढलेल्या भाकरीने दिली.