वहीत न लिहिलेलं

मागच्या वेळी ‘कंट्रोल’ नावाची भानगड समजून घेतली होती. आज जरा सुट्टी. पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे, सहा आठवडे झाले, माझ्या प्लेटमध्ये हवे ते जीवाणू काही वाढायला तयार नाहीत. मग संध्याकाळी काय करणार? सिनेमे बघितले. तेही संशोधनावरचेच! तीन बघितले, तिघांबद्दल थोडं थोडं सांगते.

पहिला ‘द मॅन हू न्यू इन्फिनिटी’ (२०१५). देव पटेल रामानुजन, जेरेमी आयर्न्स हार्डी. खरं सांगू का, अर्धा सिनेमा मला गुळमुळीत वाटला. प्रतिभा म्हणजे शून्यात नजर आणि मागे संगीत, हे आता पुरे झालं. पण एक जागा फार आवडली. ४ ही संख्या बेरजेच्या रूपात किती प्रकारे मांडता येते? ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१, म्हणजे पाच. मग २०० किती प्रकारे? उत्तर जवळजवळ चार लाख कोटी. मॅकमहन नावाच्या गणितज्ञाने ते हाताने आकडेमोड करून काढलं होतं आणि हार्डी-रामानुजनचं सूत्र त्याच्याशी ताडून बघितलं गेलं. ‘मला दिसतंय’ एवढ्यावर भागत नाही, दुसऱ्यालाही दिसावं लागतं, हे त्या प्रसंगात नीट कळतं. रामानुजन पुरावा मागितला की वैतागतो आणि हार्डी हट्ट सोडत नाही. माझी सहानुभूती दोघांनाही!

दुसरा आपला ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९). परेश मोकाशींचा, नंदू माधव फाळके झालेत. तुम्ही बहुतेक पाहिलाच असेल, पण आता परत बघा, संशोधकाच्या नजरेने. फाळके आधी मोठा सिनेमा काढतच नाहीत. कुंडीतल्या रोपाची वाढ ठरावीक वेळाने एकेक चित्र घेऊन टिपतात आणि ती पळती फिल्म दाखवून भांडवल मिळवतात. आमच्या भाषेत याला पायलट स्टडी म्हणतात. आधी छोटं काहीतरी चालतंय हे दाखवा, मग पैसे मागा. सरस्वतीबाईंनी फिल्मला भोकं पाडण्यापासून सगळं शिकून घेतलं, तेही छान. तक्रार एकच: सिनेमा इतका हसतखेळत जातो की अपयश लागतच नाही. घरातलं सामान विकायला निघतं आणि आपण हसत असतो. बघताना मजा आली, पण झोपायला जाताना माझी प्लेट होती तशीच रिकामी होती.

तिसरा ‘एक डॉक्टर की मौत’ (१९९०), तपन सिन्हांचा. हा मात्र आत जाऊन बसला. पंकज कपूरचा डॉक्टर दीपंकर रॉय घरातल्या छोट्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं खपून कुष्ठरोगावर लस शोधतो. बातमी टीव्हीवर येते आणि वरिष्ठांचा जळफळाट सुरू होतो. चौकश्या, लांबच्या खेड्यात बदली, परदेशातून आलेलं पत्र दाबून ठेवणं. शेवटी श्रेय दोन अमेरिकन डॉक्टरांना जातं. पंकज कपूर अप्रतिम आहेच, पण तुम्ही शबाना आझमीकडे बघा. नवऱ्याच्या संशोधनाची किंमत ती रोज मोजत असते, आणि सिनेमा ते लपवत नाही. वरिष्ठ मात्र जरा जास्तच खलनायकी वाटतात. खऱ्या आयुष्यात अडवणूक बहुतेक वेळा सभ्य आवाजात होते.

या कथेमागे कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांची छाया आहे. ३ ऑक्टोबर १९७८ ला त्यांच्या प्रयत्नांनी भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. सरकारी चौकशीत त्यांचा दावा फेटाळला गेला, त्यांची बदली झाली आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे १९८६ मध्ये मुंबईत केईएमला जन्मलेल्या मुलीला पहिली म्हटलं गेलं. त्या कामातले एक शास्त्रज्ञ होते टी. सी. आनंद कुमार. मुखोपाध्यायांची टिपणं त्यांच्या हाती आली, त्यांनी ती तपासली आणि १९९७ मध्ये स्वतःच सांगितलं की पहिला मान मुखोपाध्यायांचा. स्वतःच्या नावावरचं श्रेय सोडून! सिनेमा त्याआधीच येऊन गेला होता, त्यामुळे हा शेवट त्यात नाही. मला तर वाटतं, यावर वेगळा सिनेमा व्हायला हवा.

ती टिपणं नसती तर आनंद कुमारांनी तपासलं काय असतं? हा विचार आला आणि मी चपापले. कारण गेले तीन आठवडे मी प्रयोगवहीत काही लिहिलंच नव्हतं. काही वाढलं नाही तर लिहायचं काय, असं वाटत होतं. लाज होती म्हणा ना. आई फोनवर “झालं का गं?” विचारते तेव्हा जी वाटते, तीच.

दुसऱ्या दिवशी प्लेटांवरच्या तारखा बघून सगळं भरलं. उशिरा लिहिलंय, हेही वहीत नोंदवलं. तेव्हा लक्षात आलं, ज्या प्लेटा रिकाम्या राहिल्या त्या सगळ्या एकाच बाटलीतल्या माध्यमाच्या आहेत. दोष तिथेच आहे का, ते अजून माहीत नाही. नवीन माध्यम बनवलंय, पुढच्या वेळी सांगते.

तोवर तुम्ही ‘एक डॉक्टर की मौत’ बघा आणि कसा वाटला ते कळवा. वरिष्ठांबद्दलचं माझं मत पटलं नाही तर भांडायलाही या.